गुणी पेशंट

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आले एकदाची! दारव्ह्याहून यवतमाळ ते काय लांब, पण मंदारने गाडी अशी चालवली, जणू मागच्या सीटवर आई नाही, लोणच्याची बरणी ठेवली आहे. पुण्याहून रजा काढून आलाय बिचारा. उद्या माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन. पोस्टाच्या खिडकीमागे जन्म काढला, त्या गुडघ्याने फार सोसलं, आता नवा बसवून घेऊ. डॉक्टर म्हणाले की दुसऱ्याच दिवशी उभं करतील आणि हळूहळू जिनाही चढवतील. मला तेवढंच हवंय. जिना चढता आला तर मी दारव्ह्याला माझ्या वरच्या मजल्यावर राहणार. नाही आला तर मंदार पुण्याला नेणार, आणि तिथे दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत बसायचं. ते मला मरणाहून जड आहे.

वॉर्ड मोठा, स्वच्छ. शेजारच्या खाटेवर फुलसावंगीच्या विमलताई. घरची कापसाची, तुरीची शेती. अंगणात पडून खुब्याचं हाड मोडलं, परवाच ऑपरेशन झालं. जीभ मात्र शाबूत! समीक्षा सिस्टरला म्हणाल्या, "काय वं, मोबाइलमंदी नवरा पाहून राह्यली काय?" पोरगी लाजून लाल झाली. मला सोबत झकास मिळाली.

बुधवार, ८ जानेवारी

ऑपरेशन छान झालं म्हणतात. पाय माझा वाटत नाही, पण वेदना सोसवते.

इथली रीत आज कळली. सिस्टर सुई देणार, गोळ्या देणार, लिहिणार. बाकी भरवणं, कूस बदलणं, लघवीचं भांडं देणं, चालवणं, सगळं नातेवाइकांनी करायचं. समीक्षालाही दोष कसा देऊ? सगळा वॉर्ड तिच्या एकटीच्या गळ्यात. मंदारची रजा संपली, त्याने माझ्यासाठी पैसे देऊन लालीबाई नावाची आया लावून दिली आणि गेला. पण ज्याचं ज्याचं माणूस जवळ नाही, त्या सगळ्यांची लालीबाई एकच.

जाताना चिरंजीवांनी शहाणपणा केला. इथे चोऱ्या होतात म्हणून माझ्या बांगड्या, कवळी आणि कानाचं यंत्र दारव्ह्याच्या कपाटात कुलूपबंद करून किल्ली पुण्याला नेली! काळजी घ्यायची हौस माझ्याकडूनच घेतली आहे, बोलणार काय? तोवर वरणाचं पाणी प्यायचं आणि लोकांचे ओठ बघायचे.

उभं मात्र कुणी केलं नाही. व्यायाम घेणारे आले नाहीत. उद्या येतील.

विमलताई आज बोलल्या नाहीत. चादरीवरून काहीतरी वेचत होत्या. कापूस वेचतात तसं.

शुक्रवार, १० जानेवारी

व्यायामवाले आजही नाहीत. मी लालीबाईला म्हटलं, तू धर, मी उभी राहते. ती म्हणाली, पडल्या तर माह्या नावावर येईल, पडून राहा आरामात.

भांड्याचा मोठा प्रश्न. हाक मारावी तर तिचं एकच, "काहून ओरडून राह्यल्या आजी? आत्ताच तं देल्लं होतं!" देल्लं होतं ते सकाळी. तेवढा वेळ मी दात आवळून पडले होते. दात नाहीत ही गोष्ट वेगळी. चारचौघांत अंथरूण ओलं होण्यापेक्षा मी युक्ती काढली. पाणीच कमी प्यायचं. घोटभर सकाळी, घोटभर संध्याकाळी. युक्ती लागू पडली. लालीबाई साऱ्या वॉर्डाला ओरडून सांगते, या आजी गुणी पेशंट आहेत, काही मागत नाहीत. खोटं कशाला बोलू, ऐकून बरं वाटलं.

विमलताई दुपारभर ओरडत होत्या. गोठ्यात जायचं होतं त्यांना. लालीबाईने त्यांचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. मग सुई दिली. मग शांतता.

शनिवार, ११ जानेवारी

पाठ जळते आहे. टाच काळी पडली आहे. समीक्षाने वाकून काही विचारलं, मला ऐकू आलं नाही, मी आपलं हसून हो म्हटलं. तिचा चेहरा बदलला. पुन्हा विचारलं, पुन्हा मी हो म्हटलं. तिने लालीबाईकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. अगं, कानाला ऐकू येत नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं! सांगितलं मी. कवळीशिवाय काय उमटलं असेल कोण जाणे.

विमलताई डोळे उघडत नाहीत. परवापरवा थट्टा करत होत्या. त्यांनी असं काय केलं होतं? काहीच नाही. पडून राहिल्या होत्या. माझ्यासारख्या.

मला भीती वाटते आहे.

रविवार, १२ जानेवारी

शेजारची खाट रिकामी. त्यांच्या माणसांनी जीपने घरी नेलं. पोटच्या लेकीलाही ओळखलं नाही म्हणे.

आधी बोलणं कमी झालं. मग चादर वेचणं. मग बांधणं, सुई, आणि मग — मी मोजते आहे, मी कितव्या पायरीवर आहे.

आज स्वतःच उभी राहायला गेले. चांगला पाय खाली टेकला सुद्धा. लालीबाईने पाहिलं आणि बोंब ठोकली. आता लघवीला नळी घातली आहे. ती आग करते. हात लावला म्हणून डावा हात बांधला. पाण्याचा जग डावीकडेच आहे.

सोमवार

मंदारचा फोन आला. समीक्षाने मोबाइल कानाशी धरला. भुणभुण, नुसती भुणभुण. मी ओरडले, ये, मला उभं कर, पाणी दे. तिने मोबाइल काढून घेतला. तिचे ओठ वाचले मी. आई मस्त आहेत. थोड्या बडबडतात.

माझ्या चादरीवर कापूस आहे. खरंच आहे. बोटांना लागतो.

मंगळवार? संक्रांत

लालीबाईने तळहातावर तिळगूळ ठेवला. चावता येईना. जीभ लाकूड झाली आहे. मुंग्या आल्या, हातावरून वर —

विमलताई परत आल्या आहेत. खाटेवर बसून माझ्याकडे बघतात. म्हणतात, मागू नका बाई, गुमान पडा.

सुई. नंतर काही नाही.

मंदार येणार. कुणीतरी म्हणालं. तो आला की सगळं सांगायचं. नीट, क्रमाने. चढ-उतार नको आवाजात. पाणी. उभं करणं. कानाचं यंत्र. एवढंच. चुकायचं नाही.

आज

मंदार आला! हात सोडला त्याने. मांडीवर डोकं घेतलं. मी सगळं सांगितलं, नीट, क्रमाने, तो मान हलवत होता, ऐकत होता. मग मी म्हटलं, खोटं वाटत असेल तर या विमलताईंना विचार —

त्याने रिकाम्या खाटेकडे पाहिलं.

आणि मग माझ्याकडे. तसं त्याने मला कधीच पाहिलं नव्हतं. त्याचे ओठ म्हणाले, हो आई, हो.

बाकीचं खरं आहे मंदार. पाण्याचं खरं आहे. लिहून दाखवते. वाच. वाचत नाही तो. रडतो आहे.

समीक्षा त्याला समजावते आहे. नळी ओढतात. घरच्या माणसाने बांधलं तर ऐकतात. त्याच्या हातात पट्टी — डावा हात — किती हळू बांधतो, लागू नये म्हणून —

आता उजवा — हा नको, मंदार. या हाताने मी लिहि