चढता दर, उतरता दर

४ मार्च

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. तुझी वहिनी जाऊन आठ महिने झाले, आता दादाने पत्रात दोन ओळी तरी जास्त लिहाव्यात असं तू म्हणतेस. प्रयत्न करतो.

तब्येत ठीक आहे. स्वयंपाक जमतो, मीठ जमत नाही.

बातमी अशी की तुमच्या चलनाने आज उच्चांक गाठला. नेहमीप्रमाणे सकाळी बँकेबाहेरचा फळा बघून आलो. तुमच्या एकाला आमचे एक्केचाळीस. लग्न होऊन तू तिकडे गेलीस तेव्हा नऊ होते. तेव्हापासून रोजच्या दराचं टिंब मी आलेखाच्या कागदावर देतो, हे तुला ठाऊक आहे. नकाशे काढायची नोकरी संपली तरी हाताची सवय जात नाही. वर्षाला एक कागद, सगळे घरातल्या बोळाच्या भिंतीवर ओळीने चिकटवलेले. यंदाची रेघ कागदाबाहेर गेली, म्हणून वर एक तुकडा जोडला. त्यासाठी स्टुलावर चढलो. रागावू नकोस.

थोडक्यात, माझं तुझ्याकडे येणं पुन्हा लांबलं. सहा वर्षांपूर्वी दर सव्वीसवर आला होता. तुझ्या वहिनीने बॅगही भरली. मी म्हटलं, चोविसावर येईल, थोडं थांबू. तो एकतिसावर गेला. तिने कपडे परत कपाटात लावले आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी चहा देताना विचारलं, आज कितीवर आहे तुमची ती लाडकी रेघ?

तुला भेटायची तिची फार इच्छा होती. ती माझ्यामुळे राहिली. एवढंच लिहितो.

आपली भेट होऊन अकरा वर्षं झाली. दर पस्तिसाच्या खाली आला की मी नक्की निघेन.

सर्वांना यथायोग्य. आठवण काढतेसच, काढत जा.

तुझा
दादा


२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

स्टुलावर चढलास? या वयात? वहिनी असती तर तिने आधी तुला खाली उतरवलं असतं आणि मग स्टूल विकून टाकलं असतं.

आता एक कबुली. माझ्या शिलाईच्या दुकानातल्या कपाटाच्या दारावर, आतल्या बाजूने, मीही दर लिहिते. कापड आखायच्या खडूने, इतकी वर्षं. तू दर उतरायची वाट बघतोस आणि मी चढायची. चढला की माझ्या कमाईचे तिकडे जास्त होतात, आणि तिकीटही तिकडून काढलं तर स्वस्त पडतं. तुला कधी बोलले नाही, कारण मी तुझ्या वाईटावर टपून बसल्यासारखं दिसलं असतं.

तीस झाला की येईन म्हणत होते. तीस झाला, म्हटलं पस्तीस होऊ दे. पस्तीस झाला, म्हटलं चाळीस. वहिनी आजारी पडली तेव्हा अडतीस होता. तेव्हाही म्हटलं, अजून दोनच. तिचं दुखणं इतकं झपाट्याने वाढेल असं वाटलं नव्हतं. तेव्हा सगळं तुझ्या एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस. त्यातलं निम्मं माझं आहे.

तुझं पत्र मी लेकीला वाचून दाखवलं. ती उठली, कपाटाचं दार उघडून बघितलं आणि हसत हसत खालीच बसली. म्हणाली, आई, मामाला महाग तेव्हा तुला स्वस्त, आणि तुला महाग तेव्हा मामाला स्वस्त. दोघांपैकी एकालाही निघता आलं नसतं असा दिवस या अकरा वर्षांत एकसुद्धा गेला नाही! तिला ओरडायला मी तोंड उघडलं आणि मलाच हसू फुटलं. हे तर म्हणाले, भावंडं शोभता अगदी.

म्हणून आजपासून नियम केलाय. दर चढता असेल तर मी यायचं, उतरता असेल तर तू. सध्या चढता आहे. लेकीने तिकडच्या एजंटाला गाठून माझं तिकीट काढलंसुद्धा. पंधरा एप्रिलला सकाळी पोचते, सहा मेला परत. मीठ मी घालीन.

तुझ्या मायेचा दर मात्र मला आहे तसाच लाव.

तुझी
छोटी


५ एप्रिल

चि. सौ. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. भाचीचं म्हणणं मी कागदांशी ताडून बघितलं. एकही दिवस तिला चुकीची ठरवणारा सापडला नाही. मग मला हसू आलं, आणि ते लवकर थांबेना. शेजारच्या वकीलबाईंनी दार वाजवून विचारलं, पाहुणे आलेत का? मी म्हटलं, येणार आहेत, पंधरा तारखेला. बरेच महिने या घरातून असा आवाज बाहेर गेला नव्हता.

तुझी खोली आवरून ठेवली आहे.

पण एक पेच आहे. तुझं पत्र वाटेत असताना दर घसरायला लागला. सोमवारी चाळीस, बुधवारी एकोणचाळीस, आज साडेसदतीस. उतरता असेल तर मी यायचं, असं तूच ठरवलंस, आणि तुझं तर तिकीट काढून झालेलं. मी दोन दिवस विचार केला. तू येच. नियमही मोडायला नको. पासपोर्ट तुझ्या वहिनीने तेव्हाच मागे लागून काढायला लावला होता, अजून चार वर्षं चालेल. व्हिसाचे कागद काल दिले, दोन आठवड्यांत होईल म्हणतात. सहा मेच्या तुझ्याच विमानात तुझ्या शेजारची जागा मी घेतली आहे.

तिकीट तुमच्याकडच्या कंपनीचं, त्यामुळे पैसे त्या दिवसाच्या दराने भरायचे होते. खिडकीतली मुलगी भली होती. म्हणाली, काका, दर पडतोय, चार दिवस थांबलात तर तुमचे बरेच वाचतील. मी म्हटलं, नको बाई, आजच्याच दराने दे.

बाकी सगळं समोर बसून. माया आहे, ती दोन्हीकडे असू दे.

तुझा
दादा