पाण्याच्या वरची जागा

जे. पी. नगर, बेंगळुरू
६ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सुखदाचा सा. न. वि. वि.

तळ्याकाठच्या पहिल्या कॅम्पबद्दल मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की जागा पाण्यापासून चांगली उंचावर आहे. ते चूक आहे. वेबसाइटवरचे फोटो पाहून मी ते लिहिलं, आणि फोटो उन्हाळ्यातले होते, पाणी पार आत गेलेलं. रविवारी प्रत्यक्ष जाऊन आले. ते वाक्य खोडून टाक. सुप्रिता वहिनीला वाचून दाखवलं असशील तर तिलाही सांग.

बाकीचं बरोबर होतं. कॅरॅव्हॅनसाठी विजेचे पॉइंट आहेत, सांडपाणी सोडायची सोय आहे, मुलांना झोपाळे आहेत. दुसरी जागा त्याच तळ्याच्या पलीकडच्या काठाला, होंगेच्या, म्हणजे आपल्या करंजाच्या, झाडांमागे आहे. तिथे दिखाऊपणा काही नाही. न्हाणीघरं जुनी, पण आतून कड्या नीट लागतात, मी प्रत्येक लावून पाहिली. दोन कुटुंबं आली होती. एका बाईंनी मला विचारलं, की बाई गं, तू राहायला आली आहेस की धाड घालायला.

घरचं तसंच आहे. बाबा अजून खाली कॅरॅव्हॅनमध्येच झोपतात. मी वर अंथरूण घालते, सकाळी त्याची घडीसुद्धा मोडलेली नसते. आई जाऊन आठ महिने होतील. त्या दोघांनी हिंडायला म्हणून घेतलेली गाडी एकदाच हिंडली, आणि आता सोसायटीत पाहुण्यांच्या दोन जागा अडवून उभी आहे. सेक्रेटरी उमाकांत परवा परत वर आले होते. महिनाअखेरपर्यंत हलवा, म्हणाले. चांगले आहेत बिचारे. बोलताना माझ्याकडे न पाहता पंख्याकडे पाहत होते.

उंचीची चूक बाबांनी दाखवली. त्यांना एकटं ठेवायचं नाही म्हणून बरोबर नेलं होतं. तिथला व्यवस्थापक कल्लाप्पा सांगत होता, की पावसाळ्यात पाणी चढतं, पण स्वल्पच, काळजी नको. बाबा उठून एका झाडापाशी गेले. खोडावर त्यांच्या छातीएवढ्या उंचीला वाळलेल्या चिखलाची रेघ होती. तिच्यावर हात ठेवून त्यांनी कल्लाप्पाला विचारलं, की मग या झाडांनी काय स्वल्प स्नान केलं का? आणि मला म्हणाले, की इथे गाडी लावलीस तर ऑगस्टात चाकं शोधायला पाणबुडे बोलवावे लागतील.

तुझं मत कळव. फोनवर नको, या घरात सगळं ऐकू जातं.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
सुखदा

पुणे
११ नोव्हेंबर २०२५

चि. सुखदास,
अ. उ. आ.

मास्तरीणबाई, कड्यांची तपासणी आधी, आणि बाबा बोलले ते शेवटी, तेही चिखलाच्या मापासकट? आठ महिने हा माणूस ‘हं’ आणि ‘नको’ या दोन शब्दांवर जगतो आहे. मी रोज फोन करतो, मला ‘हं’सुद्धा पुरतं मिळत नाही. मी ते पाणबुड्यांचं वाक्य सुप्रिताला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मला ते पुरं करता आलं नाही. आणि तुला त्या वेळी काय वाटलं, ते पत्रात कुठेच नाही.

आई धरणावरच्या वसाहतीत आपल्याला घरीच शिकवायची, तेव्हाही तू अशीच होतीस. निबंध लिहा म्हटलं की तू फळ्याची लांबी-रुंदी द्यायचीस.

आता माझं ऐक. बाबांची खोली इथे तयार आहे. गाडी घ्यायला माझ्या ऑफिसातले विश्वासराव तयार आहेत, येत्या शनिवारी ते पाहायला येणार होते. माझं मत अजून हेच आहे, की गाडी विकावी आणि बाबांनी पुण्याला यावं. पण उभा जन्म धरणांवर काढलेल्या माणसाला आपण काठ दाखवत फिरतो आहोत, आणि त्यांना कुठे राहायचं आहे हे ना तू विचारलंस, ना मी. तू विचार. मी फोनवर विचारलं तर ‘हं’ येईल. तळं म्हणाले तरी मला चालेल, असं लिहिणार होतो. खोटं कशाला लिहू, मला झोप लागणार नाही. तरी विश्वासरावांना मी थांबवलं आहे.

जेवत जा. माझ्यावरचा राग ठेव, पण लोभाच्या खालच्या कप्प्यात.
तुझा दादा,
निहार

जे. पी. नगर, बेंगळुरू
१७ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी मिळालं. शनिवारी सकाळी उपमा वाढताना बाबांना विचारलं. ते उपमा खात राहिले. मला वाटलं ऐकलंच नाही. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते तेव्हा गॅलरीत येऊन म्हणाले, की निहारची खोली चांगली आहे, पण तिथे दिवसभर कोणी ना कोणी चहा हवा का विचारेल. मग म्हणाले, की पलीकडच्या काठाची जमीन रस्त्याकडे उतरते, पावसातही गाडी बाहेर काढता येईल. यापलीकडे त्यांनी कारण दिलं नाही. मी ते ‘हो’ धरलं आहे. चुकीचं धरलं असेल तर तो दोष माझा.

मी बरोबर राहीन. एचएसआर लेआउटमधल्या माझ्या ऑफिसने दोन महिने बाहेरून काम करायची परवानगी दिली आहे. तिथे नेटवर्क येतं, मी झाडांमागे उभी राहून व्हिडिओ कॉल करून पाहिला होता. दवाखाना जवळच्या गावात आहे, रात्रीही डॉक्टर असतात. नाताळच्या सुट्टीत तुम्ही सगळे या. जमलं नाही, बाबा परत मिटले, तर मी स्वतः त्यांना पुण्याला आणून सोडीन. हे मी त्यांनाही सांगितलं. त्यांनी मान हलवली.

एक अडचण आहे. गाडी ते चालवणार नाहीत. डाव्या बाजूला बसेन, म्हणाले. ती आईची जागा. मी आजवर आपली छोटी कारच चालवली आहे. काल त्यांना शेजारी बसवून कॅरॅव्हॅन आवारात फिरवली, आणि उमाकांतांची तुळशीची कुंडी गेली. ते धावत खाली आले. मी माफी मागेपर्यंत बाबाच त्यांना म्हणाले, की तुमची कुंडी पाहुण्यांच्या जागेत होती. उमाकांत हसले. नवी कुंडी मी आज आणून दिली.

तू विचारलंस, मला काय वाटलं. मी नीट आठवून पाहिलं. काही वाटलं नव्हतं. हात गार पडले होते, तेवढं आठवतं. आईला नेलं त्या दिवशीही एवढंच झालं होतं. पुढे काही वाटेल तेव्हा लिहीन. तोवर बनवून लिहीत नाही.

विश्वासरावांना नाही म्हणून सांग. वहिनीला नमस्कार. तुझा लोभ मी गृहीत धरते, तो तसाच धरू दे.
तुझी,
सुखदा

ता. क. पत्र पाकिटात घालताना पाहिलं, की कधी निघणार ते लिहिलंच नाही. गाडी मी चालवणार आहे. रविवार, २३ नोव्हेंबर.