किनाऱ्यावर राहिलेल्या घराची व्यवस्था

मी, एदेल्मिरा कार्कामो, कै. रुपेर्तो नावारो यांची विधवा, वय ७९, राहणार पुंता कौलिन, चिलोए बेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं नाही. दडपण कोणाचंच नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस या गावात अजून जन्माला यायचा आहे.

१. माझ्या मिळकतीचा मोठा भाग म्हणजे माझ्या नवऱ्याचे छंद. रुपेर्तो फार दयाळू होता, असं तीन वर्षांपूर्वी त्याला पुरताना सगळं गाव म्हणालं. म्हणणारच. प्रत्येकाच्या घरात त्याने काही ना काही फुकट दुरुस्त केलेलं आहे. आमच्या भिंतीवरची सात घड्याळं मात्र सात निरनिराळ्या वेळा दाखवतात. ती सर्व पाद्री एव्हारिस्तो यांना द्यावीत. ते प्रार्थनेला कायम उशिरा येतात. निदान एखाद्या घड्याळाप्रमाणे तरी वेळेवर ठरतील.

२. अकॉर्डियन शेजारच्या बेलार्मिनोला. तो ठार बहिरा आहे, त्याला त्रास होणार नाही. रुपेर्तोला तीनच गाणी यायची, त्यातलं तिसरं अर्धं. मधमाश्यांच्या चार पेट्याही बेलार्मिनोलाच. माशी चावली की रुपेर्तो म्हणायचा, "बिचारी आता मरणार गं." त्याची सूज शेकायला मी होतेच.

३. राहतं लाकडी घर माझी भाची नेल्दा हिला. सोबत टेकडीवरची मोकळी जागा, जिथे हे घर एकतीस वर्षांपूर्वीच जायचं होतं. मिंगा ठरली होती, म्हणजे घर ओंडक्यांवर चढवायचं, गावाच्या बैलांनी ओढायचं आणि घरच्यांनी सगळ्यांना जेवू घालायचं. रुपेर्तो दारोदार विचारून आला होता. घरच्या माणसाने स्वतः येऊन विचारलं की आमच्याकडे नाही म्हणत नाहीत. मी मेंढा कापला, पोतंभर बटाटे सोलले. सकाळी त्याची बहीण ओर्तेन्सिया दारात रडत उभी राहिली. नवरा नुकताच समुद्रात बुडून गेलेला, घराखालची दरड खचलेली. माझ्या दयाळू नवऱ्याने बाराच्या बारा बैलजोड्या तिकडे वळवल्या. मागोमाग माझा मेंढाही गेला. तिचं घर टेकडीवर चढलं, आमचं किनाऱ्यावर राहिलं. आता भरतीचं पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत येतं. माझ्यामागे नेल्दाने मिंगा करावी. या कागदाने मी गावाला तशी विनंती करते.

४. ओर्तेन्सियाला काहीही देऊ नये. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असं नोटरी म्हणाले, म्हणून तिलाच साक्षीदार केलं आहे.

५. (सहीच्या वेळी वाढवलेलं.) ओर्तेन्सिया आली. एकतीस वर्षांनी या घरात पाय ठेवला आणि उभ्यानेच सगळं वाचलं.

म्हणाली, "वहिनी, दादा दर वर्षी माझे बैल मागायला यायचा. मी दर वर्षी हो म्हणायचे. मग अडलं कुठे?"

खरं लिहायचं तर अडवलं मी. तिचे बैल माझ्या दारात नकोत, असं मीच त्याला दर वर्षी सांगत आले. तो वाद घालायचा नाही, पण तिला वगळून मिंगाही करायचा नाही. नवा छंद लावून घ्यायचा. घड्याळं, माश्या, अकॉर्डियन, सगळं माझ्या एकेका नकारानंतर घरात आलं. गावात त्याने हे कोणालाही सांगितलं नाही. मला त्याची फार आठवण येते, ते अर्धं गाणंसुद्धा चालेल.

ओर्तेन्सिया म्हणाली, "मेलेल्या माणसाला दारोदार जाता येत नाही. कागदाने विचारलेलं इथे कोण मानतं? तोंडाने विचारा."

आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मी विचारलं.

"शनिवारी," ती म्हणाली. "मेंढा मी आणते."

सबब कलम ३ मधली मिंगेची विनंती रद्द समजावी. कलम ४ कायम.

सही: एदेल्मिरा कार्कामो
साक्षीदार: ओर्तेन्सिया नावारो; सेगुंदो मान्सिया, शिक्षक
दिनांक: १४ मार्च १९९१
स्थळ: पुंता कौलिन, किनाऱ्यावरचं घर. शनिवारनंतर टेकडीवर, ओर्तेन्सियाच्या शेजारी चौकशी करावी.