कारबोरेटरमधली सुई

भूम, ४ जानेवारी २०२५

ती. शंभुकाकांस महेश्वरीचे शरणार्थ, वि. वि.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. थंडीनं आईचे गुडघे कुरकुरतात, एवढंच. पत्र बघून दचकला असाल. पण कानाचे पडदे गेल्यापासून तुम्ही फोन घेत नाही आणि मोबाईलला हात लावत नाही, मग तुम्हाला गाठायचं तरी कसं?

महानंदाकाकूंनी आईला सांगितलं, की तुम्ही गॅरेज बंद केलंच होतं, आता सगळे पाने-पेचकसही विकायला काढलेत. ते ऐकल्यापासून माझं शिलाईत चित्त लागेना. अप्पा गेल्यापासून त्यांची टू-स्ट्रोक मोटारसायकल आमच्या पडवीत उभी आहे. काल मी तिचा कारबोरेटर काढला. पोरगी कामातून गेली, असं आईनं गल्लीत जाहीर केलंय. खालची वाटी उघडली तर आत पेट्रोलचा गूळ झालेला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. हत्यारं विकायच्या आधी ही एवढी गाडी चालू करायला मला शिकवा. हट्ट समजा.

काकूंना शरणार्थ. लोभ आहेच, तो पत्रातनं दिसू द्या.

तुमची महेश्वरी

 

तुळजापूर, ११ जानेवारी

चि. महेश्वरीस शंभुलिंगचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पावलं. ब्लाऊज शिवता शिवता कारबोरेटर खोलायचं कुणी सांगितलं तुला? दादा असता तर पोट धरून हसला असता. वहिनींना म्हणावं, पोरगी चुलत्यावर गेलीय.

हत्यारांचं ठरलंय. सोलापूरचा एक जण न्यायला येणार आहे. गिऱ्हाईक काय बोलतंय ते कळत न्हाई, ते एक वेळ सोड. पण मशीन काय बोलतीय तेच कळंना, तर मी मिस्त्री कसला?

तरी तू विचारलंस म्हणून सांगतो. वाटी आणि खालचा भाग पेट्रोलात भिजव, जुन्या टूथब्रशनं घास. मधला पितळी जेट काढ. त्याचं भोक आभाळाकडं धरून बघ, पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. सुई वाकलीय का, जेटात मोकळी जाते का, तेही नीट बघ. चुलीपासून लांब बस. घाई करू नको.

वहिनींना शरणार्थ. गुडघ्यांना जप म्हणावं.

तुझा काका

 

भूम, १९ जानेवारी

ती. काकांस शरणार्थ, वि. वि.

काका, काय सांगू तुम्हाला! जेट आभाळाकडं धरला, आणि खसखशीच्या दाण्याएवढ्या भोकातनं मला उजेड दिसला. किती तरी वेळ मी तशीच उभी होते. एवढ्याशा वाटेनं पेट्रोल जायचं आणि त्यावर अप्पा आम्हा दोघींना घेऊन येडशीच्या रामलिंगाला जायचे? मी आईला बोलावून दाखवलं. तिनंही एक डोळा मिटून बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला, देवळात घेते तसा.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे सुईही घालून बघितली, मशीनची सोळा नंबरची. जाईना. मग तीच गोल फिरवत फिरवत पार केली. आता अगदी मोकळी जाते.

गाडी चालू झाली! पण धूर असा, की पडवीतली आई दिसेना. रेस दिली की घुसमटून बंद पडते. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. माझं काय चुकलं?

रागावू नका, आणि रागावलात तरी उत्तर पाठवा.

महेश्वरी

 

तुळजापूर, २५ जानेवारी

चि. महेश्वरीस अ. उ. आशीर्वाद.

अगं माझे आई! सुई म्हणजे कारबोरेटरची सुई, तुझ्या शिलाई मशीनची न्हाई. वरचं झाकण तू उघडलंच नसणार. त्याच्या आत ती लटकलेली असते. लोखंडी सुईनं पितळ कोरून तू भोक मोठं केलंस. आता ती गाडी मापाबाहेर पेट्रोल पितीय, घुसमटणार न्हाई तर काय? मी एवढा हसलो, की महानंदा घाबरून स्वयंपाकघरातनं पळत आली.

चूक माझीही आहे. शिंपिणीला नुसतं सुई म्हणून लिहायचं नव्हतं.

त्या गाडीचा जेट आता कुठं मिळायचा? म्हणून गॅरेजचं शटर उचललं. पुन्हा उचलायचं न्हाई असं म्हणालो होतो. डब्यात जुने जेट होते. तुझ्याच नंबरचा निघाला, चिंधीत बांधून पाकिटात घातलाय. बसव.

पुढं स्लो बसवायला, म्हणजे रेस सोडल्यावरही गाडी चालू राहील असं करायला, मात्र मला बोलावू नको. ते कानाचं काम. हवेचा स्क्रू केसाएवढा फिरवायचा आणि ऐकायचं. माझ्यानं ते आता होत न्हाई, आणि तुझ्यासमोर ते होत न्हाई हे मला सोसवायचं न्हाई.

तुझा काका

 

भूम, २ फेब्रुवारी

ती. काकांस शरणार्थ, वि. वि.

जेट बसवला. धूर गेला, रेसमध्ये गाडी फुलासारखी पळते. पण रेस सोडली की बंद. मी चार दिवस स्क्रू फिरवतेय. कान माझे धड आहेत काका, पण त्यांना काय ऐकायचं तेच माहीत नाही.

तुम्हाला सोसवणार नाही असं लिहिलंत, ते वाचून मला रडू आलं. तरीही या. नाही जमलं तर नाही जमलं, आईच्या हातची गव्हाची गोड हुग्गी खाऊन परत जा. आई म्हणते, शंभुभावजी आले नाहीत तर मीच गुडघे ओढत तुळजापूरला जाते.

वाट बघते.

महेश्वरी

 

तुळजापूर, १२ फेब्रुवारी

चि. महेश्वरीस अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. हुग्गी बाधली न्हाई, वहिनींना सांग.

परवा तिथं काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. तू किक मारलीस, तेव्हा मला नुसती टाकी थरथरताना दिसत होती. पेचकस इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावायची मला जुनी सवय. लावली. काहीच न्हाई. तुम्ही दोघी बघत होतात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काय सुचलं कोण जाणे, मी ती लाकडी मूठ दातांत धरली.

पोरी, ऐकू आलं! कानातनं न्हाई, दातांतनं, जबड्यातनं, कवटीच्या आतनं. पिस्टन, चेन, हवा, सगळं वेगवेगळं. स्क्रू किती फिरवायचा ते हाताला आपोआप कळलं. माझ्या डोळ्यांत धूर गेला समजून तू पाणी आणलंस. धूर नव्हताच. असं काही माणसाच्या हाडांत ठेवलेलं असतं, हे एवढी वर्षं गाड्या दुरुस्त करून मला ठाऊक नव्हतं. अजून अंगावर काटा येतो.

घरी आलो आणि महानंदाला सगळं हातवारे करून सांगितलं. तिनं पिशवीतनं पेचकस काढला, मूठ माझ्या दातांत दिली, दांडा स्वतःच्या हनुवटीला टेकवला आणि बोलली. कान गेल्यापासून तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली, "हत्यारं विकायची न्हाईत."

सोलापूरच्या माणसाला न्हाई म्हणून कळवलंय. तुम्हा दोघींवर आहे ती माया वाढतच राहो.

तुझा काका शंभुलिंग