आबांची कॅसेट चालवण्याआधी

कन्नमवार नगर, विक्रोळी
दि. १५ मार्च २००९

प्रिय शकु,
सप्रेम जय भीम.

आमच्या घरातला अँप्लिफायर मी केला, त्याच्या ट्रान्सफॉर्मरची तारसुद्धा मी हाताने गुंडाळली. दोन्ही स्पीकरचे खोके मी केले, मरीन प्लायचे, आतून फेल्ट लावून, वूफरचं तोंड खाली जमिनीकडे ठेवून. असं विक्रोळीत दुसऱ्या कुणी केलेलं मला दाखव. फ्रीजचा स्टॅबिलायझर माझा. आईला नीट ऐकू येत नाही म्हणून दारावरची बेल वाजली की स्वयंपाकघरात दिवा लागतो, तो माझा. विहारातला माइकचा मिक्सर माझा, अजून एकदाही शिट्टी मारलेली नाही त्याने. आणि हे सगळं दहावी नापास माणसाने, जुनी मासिकं वाचून आणि बोटं भाजून घेऊन.

हे तुझ्यासाठी नाही, दाजींना वाचून दाखव. परवा फोनवर हसत म्हणाले, "दादा, तुम्ही रेडिओवाले. डीव्हीडी रेकॉर्डरचं टेन्शन घेऊ नका, आम्ही मॉलमधून उचलतो एखादा." उचलतो म्हणजे काय? कांदे आहेत का ते?

असो. आम्ही सगळे ठीक. आईचे गुडघे जसेच्या तसे. तुझ्या वहिनीने, शुभाने, पापड केलेत, तुझा वाटा वेगळ्या डब्यात काढून ठेवलाय आणि त्यावर नजर ठेवण्याचं काम मला दिलंय. फोनवर सगळं सांगता येत नाही, तू सारखं "हां दादा, हां दादा" करतेस आणि मधेच फोन दाजींकडे देतेस, म्हणून पत्र.

तुमचं होम थिएटर झकास आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. भिंतीएवढा टीव्ही, पाच बाजूंनी स्पीकर. त्याला साजेसा रेकॉर्डर निवडून आबांची कॅसेट डीव्हीडीवर उतरवून द्यायची, हे मी कबूल केलंय. पण कॅसेट कोणती आहे ते तुझ्या लक्षात आहे ना? एक्क्याण्णव सालची, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची, मैदानावरच्या आपल्या गायन पार्टीची. आबा मधोमध, एक हात कानावर. मागे कोरसात तू, दोन वेण्या घातलेली, हातात खंजिरी. पुढच्या वर्षी आबा गेले आणि आईने ती कुणाला लावू दिली नाही. फोटो आहेत आपल्याकडे, पण चालतेबोलते आबा जगात तेवढ्या फितीवरच आहेत. दुसरी प्रत नाही. तेव्हा मशीन निवडताना मी चोखंदळपणा करणार, आणि दाजींनी तो सोसायचा.

आता नीट वाच. एकाच डब्यात व्हीसीआर आणि डीव्हीडी असा जोड येतो. दाजींना तोच हवा आहे, एक बटण दाबलं की काम झालं. मला नको. जुन्या फितीवर बुरशी असली तर मशीनच्या फीत वाचणाऱ्या डोक्याला चिकटते, ते मधे थांबून स्पिरिटने पुसावं लागतं. जोड मशीनमध्ये हात घालायला जागाच नसते. व्हीसीआर माझा जुनाच वापरणार, तो मी उघडून, रबराचे पट्टे बदलून ठेवलाय. रेकॉर्डर वेगळा, आणि आत हार्ड डिस्क असलेला. आधी सगळं हार्ड डिस्कवर, सर्वांत चांगल्या दर्जाला, मग काटछाट, मग तबकडी. म्हणजे कॅसेट एकदाच चालवायची. दाजींचा कोण मित्र अमेरिकेहून आणतो म्हणतोय, त्याला सांग, तिथला व्होल्टेज वेगळा आणि चित्राची पद्धतही वेगळी, इथे आणून त्याच्यावर कुंडी ठेवावी लागेल.

आणि एक अट. फितीवरचं चित्र कमजोर असलं की ही नवी मशीनं आपल्या मनाने ठरवतात की इथे काही नाही, आणि सरळ निळा पडदा दाखवतात. काही तर असं समजतात की आपण चोरून नक्कल करतोय, आणि रेकॉर्डिंगच बंद करतात. मला असं मशीन हवं जे स्वतःची अक्कल चालवणार नाही. मुंग्या दिसल्या तर मुंग्या उतरव. मुंग्यांच्या मागे माणूस असू शकतो.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात हेच विचारत होतो. मालक ऐकून घेत होता, मग चष्म्यावरून बघून म्हणाला, "काका, खरं सांगा, कॅसेट कोरी आहे काय?"

मी म्हटलं, "तुम्हाला मशीन विकायचं आहे का पंचांग बघायचंय?"

"तसं नाही हो. सगळे चित्र कसं येईल ते विचारतात. चित्र नसलं तर काय होईल, असं विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय."

मी दुकानातून उतरलो. खाली येऊन उसाचा रस घेतला, तो अर्धा टाकला.

जयंतीच्या आधीच्या रविवारी तू सासरच्या लोकांना आणि सोसायटीवाल्यांना बोलावून ठेवलंस, असं आई म्हणाली. तिने नऊवारी इस्त्रीला दिलीय. शकु, घाई करू नकोस. बोलावणी थांबव. मशीन निवडून झालेलं नाही एवढंच सांग.

तुझा,
प्रबुद्धदादा


कन्नमवार नगर, विक्रोळी
दि. ३१ मार्च २००९

प्रिय शकु,
जय भीम.

तू फोन आपटलास त्याचा राग नाही. "दादा, तुला कॅसेट हातातून सोडवत नाही, सरळ सांग ना," असं म्हणालीस. मी गप्प बसलो कारण आई शेजारच्या खुर्चीत होती. बेल ऐकू येत नाही तिला, पण आपण दोघं फोनवर काय बोलतो ते बरोबर ऐकते. म्हणून आजही पत्रच. हे वाचून झालं की फाडून टाक. दाजींना वाचून दाखवू नकोस.

मशीन घेऊन झालंय. तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात घेतलं. हार्ड डिस्कचं, मला हवं तसंच, निळा पडदा बंद करता येणारं. आमच्या लग्नाच्या कॅसेटवर आणि विहाराच्या उद्घाटनाच्या कॅसेटवर चालवून बघितलं, एक नंबर चालतं. मशीनचा काही प्रश्न नाही आणि कधी नव्हता.

तू पहिल्यांदा डीव्हीडीचं काढलंस तेव्हा मी माळ्यावरची आबांची ट्रंक खाली घेतली. डफ होता, टोपी होती, कॅसेट नव्हती. सगळी ट्रंक उपसली. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तिथं कशाला धुंडतोस रे? ती मी कधीच काढली. आबांच्या जागेवर ठेवलीय."

मी विचारलं, आबांची जागा कुठली?

तिने डाव्या स्पीकरकडे बोट केलं. त्यावर क्रोशाचा रुमाल आहे, त्यावर बाबासाहेबांची आणि आबांची तसबीर. रुमालाच्या खाली, तसबिरीच्या मागे कॅसेट होती. आडवी. आई म्हणाली, "आवाज तिथूनच येतो ना. मग त्यांचा आवाज असलेली वस्तू ट्रंकेत कोंडून कशाला ठेवायची? मागे रंगकाम झालं ना, तेव्हापासून आहे. रोज हात लावते मी."

शकु, तुला चुंबकाचं कळतं की नाही ठाऊक नाही. कॅसेटच्या फितीवर चित्र आणि आवाज जे असतं ते चुंबकाने लिहिलेलं असतं. मोठं चुंबक जवळ ठेवलं तर ते लिहिलेलं पुसतं. दुकानातल्या साध्या स्पीकरला काही झालं नसतं, त्याचं चुंबक लहान आणि फळीपासून लांब. आमच्या खोक्यातलं चुंबक थिएटरच्या पडद्यामागच्या स्पीकरचं आहे, चोरबाजारातून मी आणलेलं, उचलताना दोन हात लागतात. आणि वूफरचं तोंड मी खाली केलं, म्हणजे त्याच्या पाठीवरचं चुंबक वर आलं. वरच्या फळीखाली दोन बोटांवर. कॅसेट नेमकी त्याच्या डोक्यावर होती.

आई आंघोळीला गेली तेव्हा मी शुभाची शिवणाची सुई घेतली आणि कॅसेट होती त्या जागी फळीवर आडवी ठेवली. सुई आपोआप उठून टोकावर उभी राहिली. मी बोटाने पाडली, परत उभी राहिली. शुभा भाजी निवडत होती. तिने बघितलं आणि हातातली जुडी खाली ठेवली.

काय झालं असेल ते मला ठाऊक नाही, हे मी खरं सांगतो. प्लास्टिकच्या खोक्याने काही अंतर राखलं असेल. फितीची खालची कड आधी मरते, तिथे चित्राला स्थिर ठेवणारी खूण असते. आवाज वरच्या कडेला असतो. म्हणजे कदाचित चित्र लाटांसारखं पळेल आणि आबांचा आवाज येईल. कदाचित दोन्ही धड असतील. कदाचित तासभर नुसत्या मुंग्या. आतलं ज्ञान मला आहे म्हणून मला जास्त भीती वाटते. दाजींसारखं काहीच कळत नसतं तर कधीच लावून मोकळा झालो असतो.

मी लावू शकत नाही. रोज व्हीसीआर चालू करतो, डोकं पुसतो, कॅसेट हातात घेतो. परत ठेवतो. परवा कॅसेट मशीनच्या तोंडात निम्मी घातली. ती एकदा थोडी पुढे ढकलली की मशीन स्वतःच आत ओढून घेतं, तुला माहीत आहे. ते ओढायला लागलं आणि मी मेन स्विच बंद केला. मग झाकण उघडून पान्याने कॅसेट सोडवावी लागली. शुभा मागून म्हणाली, "घाबरलात का?"

मी म्हटलं, "कोण, मी? बेल्ट घसरतोय."

ती म्हणाली, "बेल्ट तुम्हीच बदललाय ना?"

आईला काही सांगितलेलं नाही. ती विचारते, "झालं का रे तुझं यंत्र?" मी म्हणतो, होतंय. तसबीर पुसताना तिचा हात अजून रुमालाखाली जातो, जागा रिकामी लागते, मग म्हणते, "हां, तू घेतलीस नाही का." तो हात मला बघवत नाही. कॅसेट कोरी निघाली आणि कशाने पुसली हे तिला कळलं, तर त्या हाताचं ती काय करेल?

म्हणून मी असं ठरवलंय. येत्या रविवारी सकाळी तू एकटी ये. आई वंदनेला विहारात जाते, मग तिथे बायकांशी बोलत बसते, उन्हं चढल्याशिवाय येत नाही. तेवढ्यात आपण दोघं कॅसेट लावू. तू प्लेचं बटण दाब, मी रेकॉर्डरचं. माझ्याच्याने दोन्ही होणार नाही. मागच्या कोरसात तू आहेस, म्हणून तू हवीस. तुझा आवाज आला तरी मला कळेल की फीत जिवंत आहे.

आबा दिसले तर आईला विहारातून बोलावून आणू आणि पुढच्या रविवारी कांदिवलीला तुझ्या मोठ्या टीव्हीवर सगळ्या सोसायटीला दाखव, पाची स्पीकर लावून. मी कोपऱ्यात उभा राहीन, दाजींच्या तोंडून "झकास" ऐकीन.

नसले, तर आईला सांगायचं की प्रबुद्धने जोरात चालवली आणि मशीनने फीत खाल्ली. माझ्या हातून गेली. तू तेच म्हणायचं, शुभा तेच म्हणेल. रागावशील तेवढी रागाव, तिच्यासमोर मला चार शब्द बोल, खरं वाटायला हवं. विक्रोळीत उद्या म्हणतील की एवढा मोठा कारागीर, बापाची कॅसेट त्याने घालवली. म्हणू दे. मी नंतर तो स्पीकर खोलून चुंबक काढून टाकीन आणि का काढलं ते कुणाला सांगणार नाही.

आता शेवटचं, जे मी फोनवरही लपवलं आणि मागच्या पत्रातही. घाटकोपरचे मार्तंडशेट आले होते, जयंतीच्या स्टॉलवर विकायला जुन्या गायन पार्ट्यांच्या व्हीसीडी काढतात ते. आई घरात नव्हती. म्हणाले, आबांचं नाव अजून चालतं, मूळ कॅसेट हक्कासकट द्या. मी म्हटलं, मी स्वतः अजून लावून बघितलेली नाही. ते म्हणाले, "बघू नका ना. आहे तशी द्या, आत जे असेल-नसेल त्याची जबाबदारी आमची." विचार कर, शकु. आईला सांगता आलं असतं की आबा आता गावोगाव वाजणार आहेत. पुढे काही नाही निघालं तर दोष त्यांच्या मशीनचा. मला बटण दाबावं लागलं नसतं. रात्री झोप लागली असती. पण मी आयुष्यात न तपासलेला साधा प्लगसुद्धा कुणाच्या हातात दिलेला नाही, आणि आबा त्या फितीवर आहेत की नाहीत हे परक्या माणसाने आपल्याआधी बघावं, हे मला झेपेना. त्या पैशांतले निम्मे तुझे होते आणि तुला न विचारता मी नाही म्हटलं, ते तुला ठाऊक असायला हवं. न बघता, रोख, पंचाहत्तर हजार रुपये.

रविवारी येशील ना?

तुझा,
प्रबुद्ध