हक्क राखून

प्रिय साक्षी,

अक्षर ओळखू आलं नाही ना? पाकीट फोडल्याबरोबर तू आधी शेवटचं नाव बघितलं असणार, मला ठाऊक आहे. कंपनीत फळ्यावर रोजचं टार्गेट लिहायला सुपरवायझर मलाच बोलवायचे आणि तू मागून म्हणायचीस, "वर्षे, छापखान्यात जायचं सोडून इथं कशाला वायरी गुंडाळायलीस?" आता मात्र कोंबडी पानावरून चालत गेल्यासारखं दिसतंय. तरी नेटाने वाच. तुझा नंबर बंद लागतो. तुझ्या काकांना फोन केला की ते म्हणतात, ती रानात गेलीय. सकाळी रानात, दुपारी रानात, भर पावसातसुद्धा रानात. तुमचं एवढं मोठं रान आहे हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. म्हणून शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, साधं पत्रच पाठवायचंय ना, म्हणून.

इकडचं सगळं ठीक आहे. छबूबाईंनी तुझी खोली लातूरच्या दोन मुलींना दिली, पण तुझा स्टोव्ह आणि ती हिरवी बादली त्यांनी माळ्यावर जपून ठेवली आहे. येईल पोरगी परत, म्हणतात. आमच्या लाइनवर नवीन मॉडेलच्या गाडीचं वायरिंग हार्नेस आलंय, वायरी इतक्या बारीक की चष्मेवाल्यांची पंचाईत झाली आहे. आई तुझी आठवण काढते, खास करून पिठलं केलं की. यात्रेला आमच्याकडे आली होतीस तेव्हा तू पिठल्यात वरून कच्चं तेल मागितलंस आणि आई घाबरली होती. आता आमच्या घरात सगळेच तसं खातात.

त्या संध्याकाळबद्दल आपण एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही, म्हणून मीच लिहिते. ओव्हरटाइम करून आपण गेटमधून बसथांब्याकडे निघालो होतो. चांगला उजेड होता, चहाच्या टपरीवर माणसं होती. बाइकवरच्या दोघांनी तुझा मोबाईल ओढला, तू सोडला नाहीस, मागच्याने कोयता काढला. पहिला वार तुझ्या खांद्यावर बसला. दुसरा येताना दिसला तेव्हा मी हात मध्ये घातला. मी काही ठरवून केलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. नंतर ज्याने त्याने म्हटलं, एवढ्याशा मोबाईलसाठी कशाला ओढाताण करायची, सोडून द्यायचा. तुझ्या तोंडावरही म्हणाले असतील. साक्षी, तो मोबाईल तू स्वतःच्या ओव्हरटाइमवर घेतला होतास. मीही सोडला नसता.

पिंपरीच्या हॉस्पिटलात तू आली होतीस, हे मी पाहिलं होतं. वॉर्डाच्या दारात उभी होतीस, खांद्याला पट्टी, आणि माझ्या हाताकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. मी डोळे मिटले, कारण रडू येत होतं. उघडले तर तू नव्हतीस. मग छबूबाईंकडून कळलं की खोली सोडून परभणीला गेलीस. मला तुझा फार राग आला होता. हाताचं दुखणं एकीकडे आणि तो राग एकीकडे. जिच्याशी डबा वाटून खाल्ला ती बोलल्याशिवाय गेली, याने मी आतून मोडले होते. पुढे हळूहळू कळत गेलं की तू मला सोडून गेली नव्हतीस, त्या हाताला घाबरून गेली होतीस.

हाताचं सांगते. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं मिटेनात. डॉक्टर म्हणाले, आतल्या शिरांचं दुसरं ऑपरेशन लागेल, मग बरेच महिने व्यायाम, तेव्हा कुठे पकड येईल. आणि पकड नाही तर हार्नेसचं काम नाही. कंपनीने मला स्टोअरमध्ये लेबलं चिकटवायला बसवलं, तेही दया म्हणून, कधीपर्यंत ते सांगायला कुणी तयार नव्हतं. ऑपरेशन बाहेर खासगीत करायचं तर तेवढा पैसा घरात नव्हता. आपला जबाब घेणाऱ्या त्या महिला पोलीस आठवतात ना, उंच, मोठ्या टिकलीच्या? त्यांनीच सांगितलं की गुन्ह्यात जखमी झालेल्यांना सरकार भरपाई देतं, शिवाजीनगरच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करायचा, वकीलही तेच देतात आणि फी घेत नाहीत. मी उड्या मारत घरी आले. आणि आमच्या आप्पांनी साफ नाही म्हटलं.

तुला आप्पा माहीत आहेत. आवाज चढवत नाहीत, टोपी काढून मांडीवर ठेवतात, म्हणजे समजायचं की आता ब्रह्मदेव आला तरी हलणार नाहीत. तशी टोपी काढली आणि म्हणाले, "भरपाई न्हाई घ्यायची. आमी एकदा घेतलीया. सही केली आन् वावर गेलं. आता पोरीच्या हाताची घ्यायची, मंग कोर्टात त्या कोयतेवाल्याम्होरं बोलायला त्वांड राहील व्हय?" आमची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा साहेबांनी दाखवलं तिथे आप्पांनी सही केली आणि मोबदला उचलला. शेजारच्या सोनबातात्यांनी मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून सहीच्या वर 'हक्क राखून' असं लिहिलं होतं. पुढे तात्यांना कोर्टात जाता आलं, वाढीव मोबदला मिळाला. आप्पांना दारातूनच परत पाठवलं, तुम्ही राजीखुशीने घेतलंय म्हणून. तेव्हापासून आमच्या आख्ख्या गावाचं पक्कं झालंय की सरकारकडून भरपाई घेतली म्हणजे भांडण मिटलं. पारावर बसलेल्यांपैकी एकालाही यात शंका नव्हती. मी किती समजावलं, चिडले, जेवले नाही. आप्पा म्हणत होते, हात गेला तर गेला, पण तो पकडलेला कोयतेवाला सुटता कामा नये. त्यांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही गं. त्यांना न्यायच हवा होता, आणि त्यांच्या हिशेबाने पैसे आणि न्याय यांपैकी एकच काहीतरी मिळत होतं.

शेवटी आई मध्ये पडली. म्हणाली, निदान विचारून तर या, विचारायला सही लागत नाही. मग आम्ही तिघं शिवाजीनगरला गेलो. तिथे मोनिका नावाच्या वकील मिळाल्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी शांतपणे सांगितलं की हे पैसे आरोपी देत नाही, सरकार देतं, आणि खटला त्याच्या वाटेने चालतच राहतो. आप्पा म्हणाले, "मंग बदल्यात सरकार आमच्याकडनं काय घेनार?" त्या म्हणाल्या, काही नाही. आप्पांनी पुन्हा तेच विचारलं. त्या पुन्हा म्हणाल्या, काही नाही. मग इकडच्या तिकडच्या गप्पा काढून, गाव कोणतं, पाऊस कसा, असं करत करत आप्पा फिरून तिथेच आले. मला इतकी लाज वाटत होती. पण मोनिका मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी जमिनीची सगळी हकीगत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, काका, तेव्हा तुमच्याकडून घ्यायचं होतं म्हणून दिलं. इथे तुमच्या मुलीचं रक्षण झालं नाही म्हणून देतात. आप्पांनी मांडीवरची टोपी उचलून झटकली. मग टोपी डोक्यावर घातली आणि म्हणाले, अर्ज करू, पण पोरीच्या सहीच्या वर 'हक्क राखून' लिहायचं. मॅडम म्हणाल्या, त्याची इथे गरज नसते. आप्पा म्हणाले, नसंना, आमाला हाय. शेवटी हसत हसत त्यांनी लिहू दिलं. मी डाव्या हाताने ते दोन शब्द काढले आणि खाली सही केली. त्या कार्यालयात असा अर्ज आधी कुणी दिला नसेल.

मंजुरी यायला वेळ लागला, मधे दोन-तीन फेऱ्या झाल्या, कधी जखमेचा दाखला, कधी बँकेचं पासबुक. पण पैसे आले आणि ऑपरेशन झालं. व्यायामासाठी मऊ गोळा दाबायला सांगितला होता. आप्पांनी त्याऐवजी शेंगांचं पोतं माझ्यापुढे आणून ठेवलं, फोड म्हणाले. सुरुवातीला एक शेंग फुटायला मी घामाघूम व्हायचे आणि आप्पा समोर बसून दुसरीकडे बघत असायचे. आता मी फोडते आणि ते खातात, डॉक्टरांनी शेंगदाणे बंद केलेत तरी. गेल्या महिन्यापासून मी पुन्हा लाइनवर आहे. टेप हळू गुंडाळली जाते, पण गुंडाळली जाते.

आणि आप्पांचा जीव कधी भांड्यात पडला, सांगू? पैसे येऊन गेल्यावर कोर्टाचं समन्स आलं, माझ्या नावाचं, साक्ष द्यायला या म्हणून. पैसे घेतले तरी मला बोलावलं होतं. आप्पांनी ते पारावर नेलं, सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि सोनबातात्यांना पुन्हा एकदा. मग घरी येऊन म्हणाले, "आन् त्या परभणीच्या लेकराचं काय झालं गं? तिला बी लागलं हुतं. तिची भरपाई कोन मागनार?" साक्षी, त्या दिवसापर्यंत आमच्या घरात तुझं नाव फक्त आई घ्यायची.

तुझंही समन्स निघालंय. हवालदार छबूबाईंच्या खोलीवर जाऊन परत आले, मग आमच्याकडे विचारत आले. माझी साक्ष झाली की लगेच तुझी आहे, पुढच्या महिन्यात. तुझा परभणीचा पत्ता मी त्यांना दिलाय, समन्स तुझ्यापर्यंत पोचेलच, पण त्याच्याआधी माझं पत्र पोचावं असं वाटलं. तुझ्या भरपाईची मुदतही गेलेली नाही, मी मोनिका मॅडमना विचारून आले आहे. परभणीची असलीस तरी अर्ज इथेच होतो, कारण घडलं इथे. आता पत्र लिहायचं खरं कारण सांगते. हे सगळं मी काकांच्या फोनवर निरोप म्हणून ठेवू शकले असते. आईकडून लिहून घेतलं असतं तर तुला सरळ वाचताही आलं असतं. पण त्या दारात उभी राहून तू ज्या हाताकडे बघितलंस, त्याच उजव्या हाताने ही पानं लिहिली आहेत, सगळी. मधे मधे थांबले, पेन सुटलं, पण दुसरा हात लावला नाही. त्याचं जे झालं ते तुझ्यामुळे झालं असं तू समजून बसली आहेस, म्हणून तो आता काय करतो ते तुला दाखवायचं होतं. तू ये. एसटी कितीला पोचते तेवढं कळव, आप्पा स्टँडवर घ्यायला येणार आहेत. तुझ्या अर्जावर ती ओळ लिहून घेतल्याशिवाय ते तुला सही करू देणार नाहीत, एवढं मनाशी धरून ये.

तुझीच,
वर्षाराणी