जवळ्याचं चिकटकाम

घिवली
ता. ९ जानेवारी १९६६

चि. जयवंतीस, आजी नवसीचे पोटभर आशीर्वाद.

पत्र नेहमीसारखं मी सांगते आणि तुझी आई लिहिते. मी 'हाय' म्हटलं की ती 'आहे' लिहिते. तिच्याबद्दल काही बोलले की मात्र तिला ऐकू येत नाही. (ऐकू येतं. – आई)

या महिन्यात दिपोटीसाहेब तुझी शाळा तपासायला येणार आणि त्यांच्या शेऱ्यावर तुझी नोकरी कायम व्हायची की नाही ते ठरणार, हे कळलं. तुझ्या बापालाही कळलं. नामदेव म्हणतो, कायम झाली तर ठीक, नाहीतर पोरीने घरी यावं आणि डहाणूच्या खंडेरावांच्या मुलाशी लग्न करावं. मुलगा वाईट नसावा. पण मुलाबद्दल विचारलं की सगळे त्याच्या होडीबद्दलच सांगतात.

चिकटकामासाठी समुद्रावरच्या रंगीत वस्तू मागितल्यास. आपली मासळीवाली जमना सफाळ्याच्या बाजाराला येते आहे, तिच्याबरोबर टोपली पाठवते. खाली शिंपले आहेत, वर सुकवलेला जवळा. एवढीशी कोलंबी ती, पण असा गुलाबी रंग दुकानातल्या रंगीत कागदाला यायचा नाही.

नाटकाचंही ऐकलं. पोरांच्या गळ्यात नाम, विशेषण, क्रियापद अशा पाट्या अडकवून त्यांना ओळीत उभं करतेस, पण पाड्यावरची पोरं लाजतात, तोंडच उघडत नाहीत. तुझ्या आईने मला समजावलं की क्रियापद सगळ्यांच्या शेवटी येतं आणि सगळं काम त्याच्यावरच असतं. मी म्हटलं, म्हणजे घरातली सून. एवढंच वाक्य तिने मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाचता येत नसलं तरी मला दिसतं.

पोरांना ओळीत कशाला उभं करतेस? बाजार मांड. भाव करताना कोणी लाजत नाही.

तुझा लोभ सुकटीसारखा असू दे, ओल्या मासळीसारखा नको.
आजी नवसी


सफाळे
ता. २० जानेवारी १९६६

ती. आजीस, जयवंतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

टोपली पोचली आणि माझी नोकरी बहुतेक बुडाली.

मुलांनी खळ लावून कागदावर शिंपले चिकटवले. वेळ संपली म्हणून मी जवळा प्रत्येकाच्या हातावर ठेवला आणि उरलेला समुद्र घरी पुरा करून आणा असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कागद जसेच्या तसे आले. बरोबर प्रत्येकाच्या फडक्यात तुसासकट कच्चं भात बांधलेलं. जवळा आयांनी रांधला होता. मासळीवालीकडून जवळा घरात आला की तिच्या टोपलीत भात गेलंच पाहिजे, ही इथली रीत. जवळा शाळेतून आला म्हणून ती कशी मोडणार? वर्गातल्या सोमीच्या आईने तर निरोप पाठवला की माल चांगला आहे, पण बाईंचं माप लहान आहे, पुढच्या खेपेला बोंबील आणा.

मी भात परत करायला गेले, तर माझं भात वाईट आहे का, म्हणून बाया रुसल्या. आता नकाशाखाली भाताचा ढीग आहे. शेजारच्या गावचे गुरुजी काल डोकावले आणि दुकान कधी उघडलंत, असं फार प्रेमाने विचारून गेले. सोमवारी साहेब येतात. बाई शाळेत मासळी विकतात असं त्यांनी लिहिलं, तर डहाणूची होडी मला न्यायला तयारच आहे.

काय करू ते लगेच कळव. बाबांना यातलं काही वाचून दाखवू नका.

तुझी, सध्या तरी मास्तरीण,
जयवंती


घिवली
ता. २२ जानेवारी १९६६

चि. जयवंतीस आशीर्वाद.

मी हसले, तुझी आई रडली, नामदेवला आम्ही काही सांगितलं नाही.

भात लपवू नकोस. तू लपवलंस तरी पोरं साहेबांना सांगतीलच. ढीग वर्गाच्या मधोमध ओत. जवळ्याऐवजी भात चिकटवा, तूस चिकटवा, आणि उरल्या भातावर बाजार मांडा. साहेबांनी विचारलं तर खरं सांग. खरं सांगताना रडू नकोस, ती सवय तुझ्या आईची. (खोटं आहे. – आई)

माया आहेच, धीर तेवढा तुझा तू धर.
आजी नवसी


सफाळे
ता. २५ जानेवारी १९६६

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

साहेब आले आणि त्यांनी आधी काठीने ढीगच दाखवला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सोमी उठली. वर्षभर हिने मला मान हलवूनच उत्तरं दिली होती. गळ्यात क्रियापदाची पाटी, डोक्यावर तुझी टोपली, आणि चाल हुबेहूब आपल्या जमनाची. 'ताजा' हे विशेषण आणि 'जवळा' हे नाम उलटे उभे राहिले म्हणून तिने त्यांना असं झापलं, की ते पळत जागेवर गेले. साहेबांनी क्रियापद कोण ते विचारलं. ती म्हणाली, "मी हाय. माज्याबिगर तुमाला काय बी मिलनार नाय."

साहेब हसले आणि खेळात गिऱ्हाईक झाले. त्यांनी मूठभर भात टाकलं, तर सोमीने एवढ्या मोठ्या हाताची एवढीच मूठ का, म्हणून आणखी टाकायला लावलं. मग त्यांनी तुसाच्या लाटा पाहिल्या आणि भाताचं खरं काय ते विचारलं. मी सगळं सांगितलं. रडले नाही. ते म्हणाले, भात कांडून पोरांनाच जेवू घाला.

शेरा उतरवून देते: 'अध्यापन उत्तम. कायम करण्यास हरकत नाही. वर्गास मासळीचा वास येतो.'

आईला सांग, आता रडली तरी चालेल.
तुझी जयवंती


घिवली
ता. ३० जानेवारी १९६६

चि. जयवंतीबाईंस आशीर्वाद.

नामदेवने शेरा किनाऱ्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. वासाचं वाक्य गाळलं, ते तुझ्या आईने मला नंतर सांगितलं.

काल खंडेराव मुलाला घेऊन आले. होडीचं वर्णन सुरू झालं, तेव्हा मी सांगितलं की पोरगी आता शाळा सोडायची नाही. तुमच्या मुलाची तयारी असेल तर पहिलीत जागा आहे. खंडेराव टोपी उचलून उठले. मुलगा मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा बोलला. सफाळे स्टेशनापासून शाळा किती लांब आहे, असं विचारत होता.

आला तर मागच्या रांगेत बसव आणि मला कळव.

तुझ्यावर आहे तसाच जीव लावून,
आजी नवसी